खेळातलं सोनं आणि माणसाचे तास



मराठीतून संगणकाविषयी लिहिणाऱ्यांच्या आणि संगणकावरच ज्यांचं पोट आहे त्यांच्या, नालासोपाऱ्यातल्या आचोळ्यात भरलेल्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. तो आज मी बाजूला ठेवतो. गेली बरीच वर्षं माझं काम ऑनलाइन खेळांच्या सर्व्हरवरच्या नोंदी वाचण्याचं आहे. कोणतं खातं माणूस चालवतो आणि कोणतं बॉट चालवतो, हे त्या नोंदींवरून ठरवायचं. त्याच विषयावर बोलतो. इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी हे खेळ खेळते आहे, आणि तरी आपण त्यांच्याशी याविषयी 'मोबाइल ठेव आता' यापलीकडे बोलत नाही.

सुरुवात एका नाण्यापासून करतो. इथून रुळांच्या पलीकडे सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. तिथे जे सापडलं त्यात यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं एक नाणं होतं. शूर्पारक, म्हणजे जुनं सोपारा, हे बंदर होतं, व्यापाराचं गाव होतं, तेव्हा नाणं सापडलं यात नवल नाही. पण त्या नाण्याच्या किमतीमागे काय काय होतं, ते बघा. चांदी जमिनीतून काढावी लागली, वितळवावी लागली, तिच्यावर राजाची मुद्रा उमटवावी लागली. ऑनलाइन खेळातल्या सोन्यामागे यातलं काहीच नाही. राक्षस मारला की सर्व्हर शून्यातून शंभर मोहरा काढून हातावर ठेवतो. मग त्या मोहरांना किंमत येते कुठून? खेळणाऱ्याने घातलेल्या तासांतून. दुसरं कुठलंही तारण त्यांच्यामागे नाही.

ती किंमत खोटी असते असं कोणाला वाटत असेल, तर एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली केलेलं काम आठवावं. 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या वस्तूंचे बाहेर खऱ्या डॉलरमध्ये लिलाव चालत. त्या भावांवरून त्यांनी खेळातल्या नॉरॅथ नावाच्या जगाचं दरडोई उत्पन्न काढलं. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं निघालं. पुढे 'ईव्ह ऑनलाइन' चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने २००७ मध्ये चक्क पगारी अर्थशास्त्रज्ञ नेमला.

आता बॉट. बॉट म्हणजे माणसाच्या जागी बसून खेळ खेळणारा प्रोग्रॅम. कोणी पडद्यावरचे रंग ओळखून ठरावीक जागी क्लिक करतो, कोणी खेळाची मेमरी थेट वाचतो, कोणी खेळ उघडतच नाही, सर्व्हरला नुसते संदेश धाडत राहतो. एका खोलीत रॅकवर शेकडो स्वस्त फोन मांडून हे चालतं. बॉट झोपत नाही, कंटाळत नाही, त्याला आई जेवायला हाक मारत नाही. बाजारात मोहरा ओतत राहणं, एवढंच त्याचं काम.

परिणाम समजायला एक जुनी गोष्ट सांगतो. १९८०च्या दशकात लुकासफिल्मने 'हॅबिटॅट' नावाचं ऑनलाइन जग बनवलं. त्यात एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गहाणवटीच्या यंत्रात तीच १०० टोकनांना विकता येई. काही खेळाडूंच्या हे लक्षात आलं. रात्रभर खेपा घालून त्यांनी भांडवल जमवलं, मग त्याहून महागड्या स्फटिकगोलांकडे वळले, आणि सकाळी बनवणाऱ्यांनी पाहिलं तर त्या जगातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झाला होता. ही माणसं होती, हाताने खेपा घालणारी. ती दुसऱ्या रात्री दमली असती. बॉट दमत नाही, आणि भावांमधली अशी फट आपणहून बुजत नाही.

मोहरा वाढल्या की महागाई येते, एवढं सगळ्यांना कळतं. पण बॉटांमुळे येणारी महागाई एकसारखी नसते, आणि खरा अन्याय तिथे आहे. बॉट सोपं, तेच ते काम करतात: लाकूड तोडणं, खनिज काढणं, मासे धरणं. त्यामुळे कच्च्या मालाचे भाव कोसळतात. आणि जी दुर्मीळ तलवार, जे चिलखत बॉटाला मिळवता येत नाही, त्याच्यामागे या सगळ्या फुकटच्या मोहरा धावतात, म्हणून त्याचे भाव चढतात. नवा खेळाडू आज आला तर त्याला काय विकता येतं? लाकूड, खनिज, मासे. त्याला काय घ्यायचं असतं? चिलखत. म्हणजे कमाई घटलेली आणि खर्च वाढलेला, दोन्ही बाजूंनी तोच कापला जातो. जुन्या खेळाडूच्या तिजोरीत तलवारी आधीच असतात, त्याला कच्चा माल स्वस्त मिळतो, तो गप्प बसतो. बारा वर्षांचं पोर महिनाभर संध्याकाळ घालवून काहीतरी जमवतं आणि ते बाजारात नेलं की कळतं, त्याला कोणी विचारत नाही. त्या पोराकडून पैसे कोणी चोरले नाहीत. त्याचे तास चोरले. याला मी चोरी म्हणतो, आणि खेळच तर आहे म्हणून ती सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

ही चोरी खेळापुरती नाही. तुमच्यातले पुष्कळजण कोकणातले आहात. गणपतीला गावी जायचं तिकीट काढताना खिडकी उघडते आणि मिनिटात आरक्षण संपतं, हा अनुभव नालासोपाऱ्यात घरोघरी आहे. २०२५च्या जूनमध्ये रेल्वे मंत्रालयानेच सांगितलं, की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटांचे असतात, आणि अडीच कोटी संशयित युजर आयडी बंद केले. मग जुलैपासून तत्काळला आधारची सक्ती आली आणि पहिली तीस मिनिटं एजंटांना मनाई. रांगेत उभं राहणाऱ्याचे तास आणि राक्षस मारणाऱ्याचे तास, दोन्ही एकाच तऱ्हेने लुटले जातात. फरक एवढाच की तिकिटासाठी आपण मंत्र्यांना पत्र लिहितो.

मात्र इथे एक गोष्ट नीट वेगळी काढली पाहिजे. पैशासाठी खेळणारा प्रत्येकजण बॉट नसतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी २००८ साली अंदाज केला, की जगात सुमारे चार लाख माणसं खेळातलं सोनं जमवून विकण्याच्या धंद्यात आहेत, बहुतेक चीनमध्ये. पाळ्यांमध्ये काम, एकाच खोलीत राहणं. पुढे व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली कितीतरी माणसं 'रुनस्केप'मध्ये सोनं जमवून घर चालवत होती, कारण देशाच्या नोटेपेक्षा खेळातली मोहर भरवशाची होती. कंपन्यांच्या नियमात बॉट आणि असा मजूर एकाच कलमात बसतात. माझ्या मनात ते बसत नाहीत. बॉटाने खेळाडूच्या आधी या मजुराच्याच पोटावर पाय दिला.

उपाय काय झाले? 'रुनस्केप' बनवणाऱ्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने २००७च्या अखेरीस फार कठोर मार्ग धरला: खेळाडूंमधला मोकळा व्यापारच बंद केला. सोनं विकणाऱ्यांचा धंदा बसला खरा, पण मित्राला भेट देणंही बंद झालं, आणि प्रामाणिक माणसं खेळ सोडून गेली. २०११मध्ये मतदान घेतलं तेव्हा दहांतल्या नऊ जणांनी मोकळा व्यापार परत मागितला. तो परत आला आणि बॉटही परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने खेळाचा कोडच असा बदलला की बॉट आंधळे झाले, आणि एका दिवसात पंधरा लाख खाती बंद केली. 'ईव्ह'मध्ये २००९ साली सहा हजारांवर खाती बंद केली आणि सर्व्हरवरचा भार लक्षात येण्याइतका उतरला. त्याआधी माणसं जो सर्व्हर हळू चालतो म्हणून कुरकुरत होती, तो बॉटांनी अडवलेला होता.

ही धाड मुद्दाम साठवून, लाटेसारखी घालतात. बॉट सापडला की लगेच बंद केला, तर बनवणाऱ्याला कळतं आपण कशाने पकडले गेलो. म्हणून आठवडे-महिने नोंदी जमवायच्या. दोन क्लिकमधलं अंतर, बोट पडद्यावरून वळतं ती रेषा, चोवीस तासांतली झोप, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे मोहरा कुठून कुठे जातात त्याचा नकाशा. बॉट माणसासारखं क्लिक करायला शिकतो, पण कमावलेलं सोनं त्याला मालकाकडे पोचवावंच लागतं. शेकडो खाती काहीही मोबदला न घेता एकाच खात्याला देत असतील तर तिथे हात घालावा. माझा अनुभव असा, की चेहऱ्यापेक्षा हिशेब बघावा.

मला सर्वांत आवडलेला उपाय लहानसा होता. 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये नुसता खेळ चालू ठेवला की वस्तू मिळत, म्हणून काहीजण बाहेरचा प्रोग्रॅम लावून झोपी जात. २००९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्या मार्गाने मिळालेल्या वस्तू काढून घेतल्या, खाती बंद केली नाहीत, आणि ज्यांनी हे केलं नव्हतं त्या सगळ्यांना डोक्याभोवती तेजोवलय मिरवायला दिलं. प्रामाणिकपणाची दखल घेणारी शिक्षा मी फार कमी पाहिली आहे.

आणि आता जे बोलायला मी खरं तर उभा आहे, ते. या धाडीत निरपराध माणूस सापडतो. 'लॉस्ट आर्क'मध्ये २०२२च्या मार्चमध्ये दहा लाखांवर बॉट खाती बंद झाली. पुढच्या जानेवारीत अशाच एका मोहिमेत महिनोन्‌महिने न खेळलेल्या साध्या खेळाडूंनाही बॉट ठरवलं गेलं आणि कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. ती मोठी बातमी झाली म्हणून मागे घेतलं गेलं. आचोळे रोडवरच्या चाळीतलं खातं बंद झालं तर त्याची बातमी होत नाही. इथे एका वायफायवर चार घरं चालतात. मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे बसवते. फोन सेकंडहँड असतो, त्याच्या आधीच्या मालकाने त्यावर काय केलं ते नव्या मालकाला ठाऊक नसतं. एका फोनवर दोन भाऊ आणि एक चुलत बहीण आपापल्या आयडीने खेळतात. एका पत्त्यावर अनेक खाती, एका यंत्रावर अनेक खाती, दिवसरात्र हालचाल: बॉट पकडायच्या पुस्तकातली ही पहिली तीन लक्षणं आहेत, आणि ती गरीब वस्तीचं वर्णनही आहेत. ज्या अभियंत्याने ती लक्षणं लिहिली त्याच्या घरात प्रत्येकाचा स्वतंत्र फोन होता. त्याला दोष देत नाही. त्याला हे सांगणारं कोणी शेजारी बसलेलं नव्हतं. आपल्यापैकी अनेकजण आज अशाच कंपन्यांत शेजारी बसलेले आहेत.

याच गावातल्या अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, २०२५च्या सुरुवातीला ते काम संपलं. त्या घरांच्या दुःखाशी खेळातल्या तलवारीची तुलना करणं मला शोभणार नाही. पण फसवणूक उघडी पडते तेव्हा भार शेवटच्या खरेदीदारावर पडतो, हे या गावाने फार जवळून पाहिलं आहे. बॉटाने कमावलेली वस्तू तीन हात फिरून एखाद्या मुलाने खाऊच्या पैशांत घेतली, तर जप्ती त्याच्यावर येते. विकणारा तोवर नवं खातं उघडून बसलेला असतो.

पैशाच्या खेळांचं थोडक्यात सांगतो, कारण कायद्याने ते आता बंद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. समोर माणूस बसलेला आहे, हे त्यात गृहीतच होतं. ॲपवर समोर कोण आहे ते दिसत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये ईडीने एका मोठ्या कंपनीवर आरोप केला, की खेळाडूंना न सांगता त्यांच्यासमोर बॉट बसवले जात होते. तो आरोप आहे, निकाल नव्हे. तरी धोका किती खोल आहे ते त्यातून दिसतं: बॉट बाहेरून शिरतो तेव्हा कंपनी त्याला शोधते, कंपनीच त्याला खुर्ची देत असेल तर शोधणार कोण? ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशाचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. समोर माणूस आहे की यंत्र, हे सांगण्याचं बंधन मात्र फुकटच्या खेळांनाही हवं. नवशिक्याला हरवायला सोपे बॉट देणं गैर नाही, ते त्याला सांगायला हवं.

खेळ बनवणाऱ्या तरुणांना एक विनंती. पुण्यात सुपरगेमिंगसारख्या कंपन्या आज आपल्या कल्पनेतली जगं बांधत आहेत, उद्या तुमच्यापैकी कोणी वसईत बांधेल. एखादं काम खेळाडूकडून हजार वेळा करून घ्यायचं ठरवाल, तेव्हा ते बॉटाला माणसापेक्षा चांगलं जमेल का, हे आधी तपासा. जमत असेल तर बॉट येणार, आणि तो येण्याआधीच तुम्ही माणसाला यंत्रासारखं राबवायला घेतलेलं असेल. मोहरा बाहेर जायच्या वाटाही पहिल्याच दिवशी ठेवा: दुरुस्तीचा खर्च, बाजाराचा कर. नंतर लावलेला कर खेळाडू दंड समजतो.

खेळ चालवणाऱ्या कंपन्यांकडे करायच्या मागण्यांचा एका पानाचा मसुदा दुपारच्या सत्रात ठेवला आहे. खातं बंद करताना कारण मराठीत द्यावं. दाद मागितल्यावर माणसाने ते तपासावं, यंत्राने नाही. सामायिक आयपी आणि सामायिक फोन एवढ्यावरून कोणाला बॉट ठरवू नये. आणि किती खाती बंद केली, किती चुकून केली, हे दर वर्षी जाहीर करावं. अशी चार कलमं आहेत. तिसऱ्या कलमाची भाषा अजून ढिली आहे, तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांनी ती घट्ट करून द्यावी. तुमच्यात जे शिक्षक असतील त्यांनी दुसरं कलम वर्गातल्या मुलांना वाचून दाखवावं आणि ती काय म्हणतात ते आम्हाला कळवावं. मसुदा संध्याकाळी सह्यांसाठी ठेवू.