दुसरे शील आणि घरचा कॉम्प्युटर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना प्रथम वंदन करतो. मी गिरणी कामगार. कॉम्प्युटरवर बोलायला उभा राहिलो म्हणून काही पोरं हसतील, कारण आपल्या हिंजवडीत या विषयाचे जाणकार घरोघरी आहेत. पण मी यंत्राविषयी कमी आणि शीलाविषयी जास्त बोलणार आहे.

दर रविवारी आपण इथे पंचशील ग्रहण करतो. दुसरे शील अदिन्नादानाचे. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. एकदा विहारातून घरी परतताना मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्या कॉम्प्युटरवरची विंडोज आपल्याला कुणी दिली?" मी गप्प. जुना कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने पाचशे रुपयांत 'सगळं टाकून' दिलं होतं. सरळ बोलायचे तर तो चोरीचा माल होता. आणि त्याच्यावर मी वर्षानुवर्षे धम्माची पत्रके टाईप केली!

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ आमच्या जुन्या मशीनवर बसेना. मग मुलीने लिनक्सची गोष्ट काढली.

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचे काम जाहीर केले. त्यांचे म्हणणे असे की सॉफ्टवेअर वापरायला, उघडून शिकायला, दुसऱ्याला द्यायला आणि सुधारून वाटायला माणूस मोकळा पाहिजे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो स्टॉलमन यांच्याच मोकळ्या परवान्याखाली दिला. म्हणजे ही वस्तू दिलेली आहे. हे दान आहे. आणि हे कमअस्सल दान नाही हो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सच आहे. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाचे भारतीय लिनक्स तयार केले. केरळच्या सरकारी शाळांतली मुले मोकळ्या सॉफ्टवेअरवर शिकतात.

भगवंतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या, पाहा, मग स्वीकारा. लिनक्सचेही तसेच आहे. पेनड्राइव्हवरून ते चालवून बघता येते, जुन्याला हात न लावता. आम्ही आठ दिवस असे बघितले, सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवल्या आणि मगच ते बसवले.

अडचण आली नाही असे नाही. जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रके उघडली की नुसती गिचमिड दिसायची. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करावी लागली. दोन महिने गेले. प्रिंटरने तीन दिवस दमवले. कुणी सांगेल की काही त्रास नाही, तर विश्वास ठेवू नका. ज्याच्या नोकरीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते त्याने घाई करू नये.

पण एक सांगतो. गिरणीत मी मशीन शिकलो ते कव्हर उघडून. फिटर जेवायला गेला की आत डोकावायचो. बंद पेटीसमोर माणूस फक्त बटण दाबणारा राहतो. आणि विद्येवरचे कुलूप काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते काय नुसत्या पाण्यासाठी? तो माणूस म्हणून बरोबरीचा हक्क होता. आपल्या पोरांनी नुसते बटण दाबणारे होऊ नये, पेटी उघडणारे व्हावे.

म्हणून विनंती करतो. आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी महिन्यातला एक रविवार विहाराला द्यावा. वस्तीतले जुने कॉम्प्युटर आणू, लिनक्स बसवू, मुलांना शिकवू. सुरुवात विहाराच्या कॉम्प्युटरपासून करू. त्याच्यावर काय टाकलेले आहे हे मला ठाऊक आहे, कारण दुकानदार तोच होता.

चुकले असेल तर क्षमा असावी. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!