तळ्याचा प्रश्न कोणत्या खात्याचा?

(बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर भरलेल्या अभ्यास शिबिरातील भाषण)



आपण कार्मेलराम स्टेशनावर उतरून येथे आलात. जवळच बेळंदूरचे तळे आहे. त्याच्या पाण्यावर एकेकाळी भातशेती आणि मासेमारी चाले. पुढे शहराचे सांडपाणी त्यात आले. २०१५ साली त्याचा फेस उडून रस्त्यावर आला. जानेवारी २०१८ मध्ये तेथे लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान लागले.

हा प्रश्न कोणत्या खात्याचा? फेसात साबणाचा अंश किती, हे रसायनशास्त्र सांगेल. सांडपाणी तळ्यात का वळले, हे नगररचनेला विचारावे लागेल. शेते का विकली गेली, हे अर्थशास्त्राला. आणि ती कसणारे मजूर कोठे गेले, हे समाजशास्त्राला. एकच शास्त्र हाती धरले तर एकच तुकडा दिसतो. सर्जापूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात ‘विकास’ हा स्वतंत्र विषय शिकवला जातो, तो यासाठीच.

आपला याच्याशी संबंध काय? १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला. तुमच्या-आमच्या पगारातून कापलेल्या त्या पैशावर पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. मजुराला मजुरी मिळाली. पण तलावाखाली ज्याची विहीर होती, पाणी मुख्यतः त्याचे झाले. बांध कोठे घालावा हे अभियंत्याने पाहिले. पाणी कोणाचे, हे फारसे कोणी विचारले नाही. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने ते विचारले. तेथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे.

मित्रहो, या अभ्यासात आपलेही ज्ञान आहे. कोणत्या पुलाखाली कोणत्या साली पाणी कोठवर चढले, हे ट्रॅकमनला ठाऊक असते. कोणत्या वस्तीतली घरे दिवाळीनंतर कुलूपबंद होतात, हे ग्रामीण डाकसेवकाला ठाऊक असते. हे सारे अहवालात येतेच असे नाही. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी, हे सारे तारखेनिशी लिहावे, आणि जिल्ह्याच्या पाण्याचा आराखडा होताना ती वही घेऊन हजर राहावे. कर आपला आहे. हिशेब विचारण्याचा हक्कही आपला आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!