संकरातून सरणारी जात



एखादी प्राणिजात नामशेष होते म्हटलं की बंदूक, कुऱ्हाड, वणवा डोळ्यांपुढे येतात. आज सांगतो त्या प्रकरणात रान हिरवंगार आहे, माद्यांच्या पोटाशी पिल्लं आहेत, आणि तरीही जात संपू शकते.

बर्फाळ डोंगरात गरम पाण्याच्या कुंडात बसलेलं जपानी माकड तुम्ही छायाचित्रांत पाहिलं असेल. ते मूळचं फक्त जपानचं. वाकायामा प्रांतात एका खासगी प्राणिसंग्रहालयातली तैवानी माकडं १९५०च्या दशकात बाहेर पडली आणि डोंगरात रुळली. १९९८मध्ये उघड झालं की त्यांचा स्थानिक माकडांशी संकर होतो आहे. संशय आला तो शेपटीवरून. जपानी माकडाची शेपूट वीतभरही नसते, तैवानीची चांगली फूटभर असते.

दोन्ही जाती जवळच्या नात्यातल्या, म्हणून संकरित पिल्लंही पुढे प्रजननक्षम असतात. त्यात या माकडांची रीत अशी, की मादी जन्माच्या टोळीत राहते आणि वयात आलेला नर दुसरी टोळी शोधत निघतो. एक संकरित नर डोंगर ओलांडून गेला की परकं रक्त त्याच्याबरोबर पुढच्या टोळीत पोचतं. काही पिढ्यांनी शेपटीवरून ओळखणंही अवघड होतं. मग डीएनए तपासावा लागतो.

कोणी विचारेल, निसर्गात संकर होतच नाही का? होतो, जिथे दोन जातींच्या हद्दी आपसूक भिडतात तिथे. इथे मधे समुद्र होता, तो माणसाने ओलांडून दिला. आणि एकदा मिसळलेली जनुकं पुन्हा वेगळी निवडून काढता येत नाहीत.

वाकायामात ३६६ माकडं हटवावी लागली. २०१७मध्ये निर्मूलन जाहीर झालं. चिबा प्रांतातही असाच संकर झाला, तिथे परकं माकड होतं ऱ्हीसस, आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं. २०१७मध्येच तिथल्या ताकागोयामा प्राणिसंग्रहालयातल्या १६४ माकडांपैकी ५७ संकरित निघाली. कायद्याने संकरित प्राणीही परकेच ठरत असल्याने त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं, आणि मग त्यांच्यासाठी बौद्ध मंदिरात प्रार्थनाही झाली.

त्या सत्तावन्न जिवांचा अपराध काय होता? काहीच नाही. पण यातून मी ‘मारू नका’ एवढाच धडा घेत नाही. पहिली माकडं निसटली तेव्हाच ती पकडली असती, तर पिंजऱ्यांवर भागलं असतं. नंतरच्या प्रत्येक पिढीने हिशेब वाढवला, आणि तो निरपराध जिवांनी चुकता केला.

आपल्याकडे पूर्वी तापी-गोदावरीच्या दक्षिणेला टोपीसारखे केस असलेलं माकड राहायचं, उत्तरेला ऱ्हीसस. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकला आहे आणि टोपीवाल्याचा मुलूख आकसतो आहे. पकडलेली माकडं दूर नेऊन सोडण्याची आपली सवय त्याला हातभार लावते. बागायतदाराचं नुकसान खरं आहे, त्याची तक्रार रास्त आहे. पण ‘कुठेतरी सोडून द्या’ हा तोडगा नव्हे. पिंजरा गाडीत चढण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात: आत कोणती जात आहे, आणि जिथे सोडणार तिथे कोणती राहते. एवढी मागणी आपण नागरिकांनी वनखात्याकडे लावून धरली पाहिजे.