वणव्यापूर्वीचे महिने
(काजू बागायतदार व वनरक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांवर पेटलेले वणवे आपणांस विसरता येणार नाहीत. नौदल व वायुदल यांची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली, त्यांची छायाचित्रेही सर्वत्र झळकली. परंतु जेथे माणसाचे पाऊल पोहोचत नाही अशा कड्यांवरच त्यांचा खरा उपयोग. एरवी वणवा विझतो तो हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आणि पाचोळा बाजूस सारून. हे श्रम छायाचित्रांत क्वचितच दिसतात.

इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आग लागते कशी, असे बाहेरचे लोक विचारतात. वस्तुतः जळणाचा साठा पाऊसच निर्माण करतो. बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यावर माजलेले गवत पुढे वाळून उभे राहते. किंदळ, माट्टी यांसारखे वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतात. अशा वेळी पूर्वेकडील कोरडे वारे टिकून राहिले व समुद्रावरचा वारा उशिरा आला, की पाऱ्याबरोबर धोकाही चढतो. सरासरी कमाल तपमान पाहता २०२३ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा भारतातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता, आणि त्यापाठोपाठच हे वणवे पेटले. हवामान बदलले म्हणून ठिणगी पडत नाही. ती बहुधा माणसाचीच असते. मात्र पूर्वी ओलाव्यापाशी विझणारी ठिणगी आता पुढे सरकू शकते.

आपल्याकडील आग प्रायः जमिनीलगत सरपटते. त्यामुळे नंतर जंगल उभेच दिसते आणि हानी झाली नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात रोपे मरतात, पातळ सालीचे सदाहरित वृक्ष खंगतात, मोकळ्या जागी रानमोडी माजते, आणि पुढील वणव्यास वाट मिळते.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. त्या मोलाच्या आहेत. परंतु उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या काळात गावकऱ्याचा डोळाच उपयोगी पडतो.

आता काजूविषयी. बोंडू वेचण्यासाठी झाडाखालची जागा स्वच्छ हवी, हे मान्य. पाचोळा पेटविणे स्वस्त आणि झाडून खड्ड्यात कुजविणे महाग, हेही खरे. म्हणूनच केवळ दंडाची भीती घालून भागणार नाही. अभयारण्याच्या कडेच्या बागांत या सफाईच्या मजुरीस शासनाने हातभार लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळरेषांचे कामही जानेवारीअखेर संपले पाहिजे. मार्चमध्ये काढलेली जाळरेषा कागदावरच शोभते.

वनरक्षकांस एवढेच सांगणे आहे: आग चढावर धावते, कारण ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवितात. तेव्हा पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूस कोणासही उभे करू नका. आणि गावकऱ्यांनी धूर दिसताच वनरक्षकास कळवावे. आग कोणी लावली, याची चौकशी ती विझल्यावर करता येईल.