पोहण्याची कला आणि तिचे शास्त्र
(कळमनुरी येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या परिसरातील लोकांना पाण्याचे महत्त्व सांगावयास नको. पैनगंगेवरील इसापूर धरणामुळे शेतीला पाणी मिळाले, त्याचबरोबर खोल पाणीही आपल्या गावांच्या निकट आले. अशा ठिकाणी पोहणे ही केवळ करमणूक राहत नाही. ती जीवितरक्षणाची विद्या ठरते.

आपल्याकडे ही विद्या विहिरीत शिकविली जात आली आहे. मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका किंवा रिकामा डबा बांधावयाचा आणि वडीलधाऱ्यांच्या देखत त्याला पाण्यात सोडावयाचे, ही जुनी रीत. या रीतीने मुलाची भीती जाते आणि तो तरंगू लागतो. परंतु डोके उंच धरून आणि हातपाय झोडपून तो विहिरीची एक कड गाठतो, तोच लांब पल्ल्यावर दमून जातो. याचे कारण ताकदीच्या अभावात नव्हे, तर पद्धतीत शोधावे लागते.

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ आहे. छातीत हवा भरलेली असता बहुतेक माणसे तरंगतात. मात्र शरीराला वर उचलणारा पाण्याचा जोर छातीच्या बाजूला अधिक असतो आणि शरीराचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली, कमरेकडे असतो. म्हणून पाय बुडू पाहतात. त्यात डोके वर उचलले की पाय आणखी खाली जातात, शरीर तिरपे होते आणि पाण्याचा विरोध वाढतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, आणि त्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला, तर विरोध चौपट होतो. म्हणून विरोध कमी करणे हे बळ वाढविण्याच्या आधीचे काम होय. नजर तळाकडे, मान सरळ आणि शरीर पाण्याशी समांतर, हा पहिला पाठ.

दुसरा पाठ श्वासाचा. नवशिक्या पाण्यात श्वास कोंडून धरतो आणि तोंड वर येताच एका क्षणात श्वास सोडणे व घेणे ही दोन्ही कामे करू पाहतो. श्वास पाण्यातच सावकाश सोडावा. तोंड बाजूला वळताच फक्त घ्यावयाचा उरतो. तिसरा पाठ हातांचा. केवळ पंजाने नव्हे, तर कोपर उंच ठेवून पंजा व पुढचा हात मिळून वल्ह्याप्रमाणे पाणी मागे रेटावयाचे असते. वेग म्हणजे हाताच्या एका आवर्तनात कापलेले अंतर आणि दर मिनिटाची आवर्तने यांचा गुणाकार. तेवढ्याच वेळात तेवढेच अंतर कमी आवर्तनांत कापले गेले, तर सुधारणा झाली असे खुशाल समजावे. हे मोजमाप कोणत्याही शिक्षकाला करता येईल.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पोहणाऱ्यांचे पाण्याखालून चित्रीकरण करून या क्रियांचा अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९६८ साली निघाला. त्यांचे शिष्य मार्क स्पिट्झ यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७ सुवर्णपदके मिळविली. हाताला मिळणारा रेटा पंखाला मिळणाऱ्या उचलीसारखा असतो, या काउन्सिलमन यांच्या मतावर पुढील संशोधकांनी आक्षेप घेतले आणि पाणी सरळ मागे रेटण्याला अधिक महत्त्व दिले. शास्त्र असेच स्वतःला तपासत पुढे जाते.

महाराष्ट्राची परंपराही अभिमानास्पद आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सैनिक मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेतील जलतरणात १९८६ नंतर भारताला मिळालेले ते पहिले पदक होते.

उत्तम प्रशिक्षक एका वेळी एकच चूक सुधारतो. आधी पाण्यात बुडबुडे सोडणे, मग तरंगणे, मग सरकणे, मग पाय आणि शेवटी हात, असा त्याचा क्रम असतो. भीती घालून शिकविलेले पोहणे संकटात उपयोगी पडत नाही, कारण घाबरलेले मूल सर्वप्रथम डोकेच वर काढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. शाळकरी मुलांना पोहण्याचे व सुरक्षित बचावाचे शिक्षण द्यावे, अशी या संघटनेची शिफारस आहे. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. शिकविताना पाणी उथळ व माहितीचे असावे, काठावर एक जाणता पोहणारा सतत उभा असावा आणि हाताशी दोर असावा. कोणी बुडत असेल, तर मुलांनी स्वतः उडी न घेता दोर, बांबू किंवा रिकामा डबा फेकावा आणि मोठ्यांना हाक मारावी. हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पोहण्याच्या आधी पाठ असले पाहिजे.