सूतिकेची एक उपेक्षित व्याधी



आजचा विषय स्त्रीपुरुषांच्या सभेत काढावयाचा नव्हे, असे काहींस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. या व्याधीचे अर्धे दुःख न बोलण्यानेच वाढले आहे.

प्रसूतीत मूल अडून दोन-तीन दिवस सुटका झाली नाही, म्हणजे बालकाचे मस्तक आणि मातेच्या कटिभागातील हाड यांमध्ये मूत्राशयाची भिंत चेपली जाते. रक्त न पोहोचल्याने तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून तेथे छिद्र पडते. मूल बहुधा मृत जन्मते. मातेचे मूत्र मात्र अहोरात्र पाझरत राहते. यासच डॉक्टर लोक फिस्चुला म्हणतात. दुर्गंधीमुळे पती टाकतो, शेजारी दैवी शाप समजतात. वेळेवर पोट चिरून मूल काढले असते तर हे टळते. घरात लेक-सून अडली असता ‘उद्यापर्यंत पाहू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

छिद्र शिवण्याची भरवशाची रीत अमेरिकेत अलाबामा प्रांती डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४९ साली रुप्याच्या तारेचे टाके घालून बसविली. पण कोणावर? अनार्का, ल्युसी, बेट्सी अशा गुलाम स्त्रियांवर! एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. न्यूयॉर्कच्या उद्यानातील सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलविला, हे आमच्या मते बरेच झाले.

आज भूल देऊन मूत्राशय व योनिमार्ग छिद्राभोवती सोडवितात, ताण न देता टाके घालतात आणि सुमारे दोन आठवडे मूत्र नळीवाटे वाहू देतात. डॉ. रेजिनाल्ड व डॉ. कॅथरीन हॅमलिन हे दांपत्य १९५९ साली इथिओपियात गेले आणि १९७४ साली त्यांनी अदिस अबाबा येथे केवळ या व्याधीसाठी रुग्णालय स्थापिले. तेथे ६०,००० हून अधिक स्त्रियांवर उपचार झाले आहेत.

त्यांच्याकडे १९६२ साली मामितू गाशे ही निरक्षर खेडूत मुलगी याच व्याधीने आली. बरी झाल्यावर ती तेथेच राहिली. प्रथम खाटा आवरी, मग शस्त्रक्रियेत साहाय्य करू लागली, आणि पुढे स्वतः शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनाही शिकवू लागली! १९८९ साली हॅमलिन दांपत्यासह तिला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सुवर्णपदक मिळाले. जन्मभर प्रगतिपुस्तके भरणाऱ्या आम्हां मास्तरांनी या बाईंपुढे लेखणी खाली ठेवावी.

बरी होऊन घरी निघणाऱ्या स्त्रीस त्या रुग्णालयात नवे वस्त्र देतात. वर्षानुवर्षे ओल्या लुगड्यात बसलेल्या बाईस ते नेसताना काय वाटत असेल, हे आमच्या भगिनींस सांगावयास नको.