वनकोशात वनवासींची बोली हवी



गडचिरोलीच्या सीमेला छत्तीसगढ आणि तेलंगण भिडलेले आहेत. तेथे एकाच झाडाला मराठीत मोह, हिंदीत महुआ आणि तेलुगूत इप्प म्हणतात. वनाधिकारी, व्यापारी आणि मोहफुले वेचणारी माउली यांचा व्यवहार चोख व्हायचा, तर ही नावे जोडणारा बहुभाषी कोश हवाच.

परंतु केवळ प्रतिशब्द पुरेसे नाहीत. शब्दाबरोबर हक्कही ठरत असतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला 'वृक्षा'च्या व्याख्येत बसवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच बांबूला 'गौण वनोपज' मानून त्यावरील वनवासींचा हक्क मान्य केला. तरीही जुन्या व्याख्येतून बांबू वगळला जाण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनसेवेत राहून वनवासींच्या तोंडचे शब्द टिपले आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. सेवाकार्यासाठी वनक्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाने अशीच वही जवळ बाळगावी. झाडाचे बोलीतील नाव, बहराचा ऋतू, उपयोग, सारे नोंदवावे. ज्याचा शब्द कोशात नाही, त्याचे म्हणणे सरकारी कागदावरही उमटत नाही.